रविवारच्या नाश्त्याला वाजलेला फोन

आमच्या फेसबुक ग्रुपवर माणसं एकमेकांना जे लिहायची, ते तोंडावर बोलली असती तर नंदुरबारात रोज एक डोकं फुटलं असतं. ग्रुप सुरू केला तेव्हा त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. कोणाच्या किल्ल्या हरवल्या, कोणाला रक्त हवंय, जुन्या गल्ल्यांचे फोटो. मग माणसं वाढली. सकाळी गटाराच्या पाण्यावरून सुरू झालेलं बोलणं दुपारपर्यंत आईबहिणीवर जायचं. घर सांग, आत्ता येतो. तंगडं मोडून हातात देतो. मी ग्रुपची ॲडमिन. घरी शिवणाचे क्लास घेते. बायका निघून गेल्या की चहाचा कप घेऊन बसायचं आणि दिवसभरातली घाण पुसायची, हे माझं संध्याकाळचं काम होऊन बसलं होतं.

एकदा दोन माणसं स्टेशनसमोरच्या पार्किंगवरून लोखंडी रॉडपर्यंत पोचली. मला वीट आला. मी लिहिलं, "दोघांनी रविवारी सकाळी माझ्या घरी पोहे खायला यावं. मारामारी करायचीच असेल तर माझ्या अंगणात करा, मी बघते." लोकांनी हसून घेतलं. पण रविवारी दोघंही आले, आणि मजा बघायला बाकीचेही आले. ते दोघे एकमेकांच्या डोळ्यांत बघायला तयार नव्हते. एकाने दुसऱ्याला लिंबाची फोड पुढे केली आणि तिथेच ते भांडण संपलं.

तेव्हापासून दर रविवारी आमच्या अंगणात नाश्ता व्हायला लागला. ज्याला यायचं त्याने यावं, वाटलं तर काही आणावं. माझे पती बँकेतून निवृत्त झालेले. सुरुवातीला कुरकुर करायचे. "तुन्हा अंगणमां आखाडा भराले लागना का?" म्हणायचे. पुढे तेच आदल्या संध्याकाळी कांदे चिरायला बसायला लागले.

नियमाने येणाऱ्यांत एक भाऊ होते. सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. प्रकाशाच्या बाजूला तापीकाठी त्यांची जुनी शेती, नंदुरबारला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. कोणाला रक्त हवं असलं की पहिला फोन भाऊंचा. दर रविवारी गरम फाफडा आणि जिलेबी घेऊन यायचे आणि पिशवी माझ्या हातात देत म्हणायचे, "वहिनी, आज पोट फुटी जावाले पायजे सगळासनं." म्हातारे त्यांना मानायचे, तरुण पोरं त्यांच्याशी गाड्यांविषयी बोलायची. मीसुद्धा माझ्या मुलाला फोनवर सांगितलं होतं, की असा माणूस प्रत्येक गावात एक तरी हवा.

दुसरी होती सिस्टर. नंदुरबारला रुग्णालयात परिचारिका, तिशीच्या आतली, तोरणमाळच्या घाटाखालच्या पाड्यावरची पावरा आदिवासी मुलगी. इथे खोली घेऊन एकटी राहायची. ती ग्रुपवर लिहायची, आणि छान लिहायची. रस्ता वाहून गेल्यावर बाळंतिणीला बांबूला झोळी बांधून कसं खाली आणलं, आंब्याच्या फोडी वाळत घातल्यावर पाड्याला कसा वास येतो, असं. तिच्या लिहिण्याखाली लोक भरभरून बोलायचे. नाश्त्याला ती उशिराच यायची, ड्यूटी संपवून, पांढऱ्या बुटांतच. आली की सरळ माझ्या शेजारी चुलीपाशी बसायची. मला मावशी म्हणायची.

तिच्या मागे एक खोटं अकाउंट लागलं होतं. गुलाबाचं चित्र, नाव बनावट. तिच्या प्रत्येक पोस्टखाली घाण. जंगलात परत जा, दारू गाळा, आमच्या डोक्यावर बसू नका. मी ते काढून टाकलं. आठवड्याभरात दुसऱ्या नावाने आलं. तेही काढलं. मग ते ग्रुपवर दिसायचं थांबलं. मला वाटलं, सुटलो.

एका रविवारी पोह्यांना फोडणी देताना तिने हळूच सांगितलं, "मावशी, तो आता मला आतून लिहितो. मेसेंजरवर."

"काय लिहितो?"

"मी कुठे गेले ते. कोणत्या रिक्षात बसले ते. काल लिहिलं, तुझ्या खोलीची कडी बाहेरून लागते, माहीत आहे का तुला?"

मी कढई खाली उतरवली. "पोलिसांकडे जाऊ. मी येते तुझ्याबरोबर."

"कोण आहे तेच माहीत नाही, तर कोणाचं नाव सांगू? एक वाक्य तो रोज लिहितो. सुईना हात ताटले लावू नको. म्हणजे काय, मावशी? मी तुमच्या लोकांच्या ताटाला हात लावायचा नाही, असंच ना?"

तिने मान खाली घातली नाही. रागाने तिचे ओठ पांढरे पडले होते. "एकदा सापडू दे," एवढंच ती म्हणाली. तिची सुट्टी आली की पोलिसांत तक्रार द्यायची असं आमचं ठरलं.

तो पुढचा रविवार थंडीचा होता. मी पुऱ्या करायचं ठरवलं होतं, म्हणून अंगणात चूल पेटवून कढई चढवली होती. सिस्टर आली, हात धुतले आणि पोळपाट ओढून पुऱ्या लाटायला बसली. ओट्यावर माणसं बसली होती. निवृत्त झालेले एक मास्तर पेपर वाचत होते. भाऊ सगळ्यांना फाफडा वाढत फिरत होते. फिरत फिरत आमच्याजवळ आले, तिच्या हातातल्या लाटण्याकडे बघितलं आणि हसून मोठ्याने म्हणाले,

"सिस्टर, सुईना हात ताटले लावू नका बरं!"

सगळे हसले. दवाखान्याच्या हाताचा विनोद वाटला त्यांना. भाऊही हसत होते, वाकून परातीतली एक पुरी नीट करत होते.

सिस्टरचं लाटणं थांबलं. मी तिच्याकडे बघितलं. तेच वाक्य होतं. ती हसली नाही, ओरडली नाही. पिठाचे हात तिने पदराला नव्हे, सरळ जमिनीला पुसले. फोन काढला. मेसेंजर उघडलं. गुलाबाच्या त्या चित्रावर बोट ठेवून तिने कॉल लावला.

ओट्यावर, फाफड्याच्या पिशवीशेजारी ठेवलेला भाऊंचा फोन वाजायला लागला.

कोणाच्या काही लक्षात आलं नाही. एकाने सवयीने फोन उचलून भाऊंना दिलासुद्धा. "भाऊ, फोन." त्याने स्क्रीन बघितली आणि गोंधळून म्हणाला, "आठे ते सिस्टरना फोटो दिसी ऱ्हायना."

भाऊंनी फोन हिसकावून बंद केला. तेवढ्यात ती उठली होती. हातात लाटणं होतं. तिने ते भाऊंच्या कानावर मारलं. लाकूड हाडावर बसल्याचा तो आवाज मी आजही शिवणयंत्राच्या खडखडाटात मध्येच ऐकते. भाऊ कोलमडले, हात कानाला गेला, बोटांतून रक्त आलं. तिने दुसऱ्यांदा मारलं, खांद्यावर.

"माझ्या खोलीची कडी बघत होतास?" ती ओरडली. "बघत होतास?"

मग अंगण पेटलं. "धरा तिले! येडी व्हई गयी ती!" कोणीतरी किंचाळलं आणि माणसं धावली. धावली ती तिच्या अंगावर. एकाने तिचा उजवा हात पिरगळून लाटणं सोडवलं. दुसऱ्याने कमरेला मिठी घातली. मास्तरांनी तिचा डावा हात दोन्ही हातांनी धरला. ती सुटायला बघत होती, पाय झाडत होती, तिचा एक बूट निघून परातीत पडला. मी "सोडा तिला, त्याला धरा!" म्हणून ओरडत होते, पण माझं कोणी ऐकत नव्हतं.

भाऊ उठले. त्यांना कोणीच धरलेलं नव्हतं. रक्ताने भरलेला हात त्यांनी सदऱ्याला पुसला, चालत तिच्यासमोर गेले, आणि जो माणूस दर रविवारी माझ्या हातात जिलेबीची पिशवी द्यायचा, त्याने धरून ठेवलेल्या त्या मुलीच्या तोंडावर बुक्की मारली. तिचं डोकं मागे गेलं. त्यांनी पुन्हा मारली, त्याच जागी. मग तिचे केस धरून तोंड ओट्याच्या दगडावर आदळलं. तोंडाने ते शिवी देत होते, तिच्या जातीची, तिच्या पाड्याची, तिच्या आईची. सगळ्या अंगणाने ती ऐकली. पकडणारे हात तेव्हा सैल झाले, पण उशीर झाला होता.

माझ्या हातात झारा होता, उकळत्या तेलातून नुकताच काढलेला. मी काही विचार केला नाही. तिसऱ्यांदा वर गेलेल्या त्या मनगटावर मी झारा मारला. चर्र झालं. कातडी जळल्याचा वास आला. भाऊ गुरासारखे ओरडले. माझ्या उजव्या पायावर तेल सांडलं, ते मला नंतर कळलं. पाठीमागून माझे पती आले आणि त्यांनी भाऊंना गळ्याला हात घालून खाली पाडलं. हा माणूस आयुष्यात कोणावर ओरडला नव्हता. तो भाऊंच्या छातीवर गुडघा ठेवून बसला होता आणि म्हणत होता, "हालू नको. हालना ना, तर मारी टाकसू तुले."

सिस्टर ओट्याशी बसली होती. तोंडातून रक्ताची धार लागली होती. वरचा ओठ नाकापर्यंत फाटला होता. तिने तळहातावर दात थुंकले, निरखून बघितले आणि मला म्हणाली, "दुधात घाला." शब्द नीट येत नव्हते, तरी मला कळलं. मी चहाच्या दुधाच्या पातेल्यात तिचे दात टाकले. दूध लाल झालं.

दात पुन्हा बसवता आले नाहीत. रुग्णालयात ओठाला टाके पडले. तिच्याच सोबतच्या परिचारिका तिच्याभोवती धावत होत्या आणि ती त्यांना हाताने खुणा करून शांत करत होती. माझ्या पायावर मलम लावलं. मी बाकावर बसले होते तेव्हा क्लासमधल्या एका मुलीचा फोन आला. "मावशी, ग्रुप बघा."

आमच्यापैकीच कोणीतरी फोनवर टिपून ग्रुपवर टाकलं होतं. व्हिडिओ तिच्या पहिल्या फटक्यापासून सुरू होत होता आणि माणसं तिला धरतात तिथे संपत होता. भाऊंच्या बुक्क्या नव्हत्या, शिव्या नव्हत्या, वाजलेला फोन नव्हता. पुऱ्या लाटता लाटता एक बाई उठते आणि रक्तदान करणाऱ्या भल्या माणसाचं डोकं फोडते, एवढंच. खाली माणसं तुटून पडली होती. हिला गावातून हाकला. हिचे हात तोडा. त्या ॲडमिनबाईचं घर माहीत आहे आम्हाला. त्यातले कितीजण माझे पोहे खाऊन गेले होते, त्यांची नावं मी एकामागून एक वाचत गेले.

मी तो व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला नाही. त्याच्याखाली लिहिलं, घडलं तसं, फोन वाजला तिथपासून. माझ्या हातून झारा लागला तेही लिहिलं. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला आमच्या खिडकीची काच फुटली. मोटारसायकलवरची पोरं होती. दुसरा दगड माझ्या शिवणयंत्रावर पडला. माझे पती काठी घेऊन बाहेर धावले तोवर ती पळाली होती. दुसऱ्या दिवशी गेटवर शेण फासलेलं होतं आणि शिवण शिकायला येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या आल्या नाहीत.

सिस्टरचा सख्खा भाऊ घाटात जीप चालवतो. तो आला तेव्हा मी तिच्या खाटेशी होते. त्याने बहिणीचं सुजलेलं तोंड बघितलं, भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. मग पावरी बोलीत काहीतरी म्हणाला. मला त्यातलं भाऊंच्या दुकानाचं ठिकाण आणि 'टॉमी' एवढंच कळलं. जीपमध्ये टॉमी होती, टायर काढायची लोखंडी पहार. ती घेऊन जायचं तो बोलत होता. सिस्टरने खाटेवरून हात लांब करून त्याचा शर्ट धरला. टाके घातलेल्या तोंडाने तिला बोलता येत नव्हतं. तिने नुसता शर्ट धरून ठेवला. तो सोडवायला बघत होता, ती खाटेवरून जवळजवळ खाली ओढली गेली, सलाईन उपटली गेली, पण तिने सोडलं नाही. शेवटी तो तिथेच जमिनीवर बसला आणि खाटेच्या लोखंडी पायावर कपाळ आपटून घ्यायला लागला. मी त्याचं डोकं धरलं. पोरगं ताप आल्यासारखं गरम होतं.

मला तो म्हणाला, "ताई, त्याला मारलं तर आमच्या सगळ्या पाड्याला चोर म्हणतील. नाही मारलं तर मी झोपू कसा?"

उपटलेली सलाईन लावायला मी परिचारिकेला हाक मारली.

मिटवायला माणसं आली. चांगल्या घरातली, आमच्या ओळखीची, भाऊंच्या नात्यातली. ओट्यावर बसली. ओट्याचा दगड मी धुतला होता, तरी मी त्यांना तिथून उठवून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, "वहिनी, पहिला हात तिनी उचला. व्हिडिओ शे. भाऊना हातले फोड उठनात, ते कोणी करं? तुम्ही. आते दोन्हीकडना सोडी द्या. मिटाडी टाका."

"तिना दात कोण आणी दी?" माझे पती म्हणाले.

"दात काय, नवा बसाडी देतस आम्ही."

माझे पती उठले, आत गेले, आणि ते पातेलं घेऊन बाहेर आले. ते आम्ही घासलं होतं, रिकामं होतं. त्यांनी ते त्या माणसाच्या पायाशी जोरात आपटलं. "चला निघा," म्हणाले. "उठा मन्हा ओटावरथून."

ती माणसं गेली. जाताना एकजण गेटला लाथ घालून गेला.

तक्रार दोन्हीकडून होती. भाऊंच्या तक्रारीत सिस्टरचं आणि माझं नाव होतं. आमच्या बाजूने, जातीवरून दिलेल्या शिव्या ऐकल्या असं सांगायला कोणी पुढे येत नव्हतं. जे अंगणात होते त्यांच्यापैकी कोणाला ऐकू आलं नव्हतं, कोणाचं लक्ष नव्हतं, कोणी तेव्हा आत पाणी प्यायला गेलं होतं. मी घरोघर गेले. एका घरी तर माझ्या तोंडावर दार लावलं, त्यात माझं बोट सापडलं, नख काळं पडलं.

मग एका दुपारी मास्तर आले. दाढी वाढली होती. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मी तिचा हात धरला होता," ते म्हणाले. शाळेतली मराठी बोलायचे ते, नेहमीच. "मला वाटलं, मी भांडण सोडवतो आहे. माझ्या हातात तिचा हात होता म्हणून तिला तोंड झाकता आलं नाही. पहिली बुक्की बसली तेव्हा तो धक्का माझ्या हातापर्यंत आला. तरी मी सोडला नाही. का सोडला नाही, ते मला सांगता येत नाही."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"चला ठाण्यावर. मी लिहून देतो. शिव्याही लिहून देतो, जशाच्या तशा."

ते खरंच गेले. आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकवलेल्या माणसाने त्या शिव्या एक एक करून साहेबांसमोर उच्चारल्या. साहेबांनी लिहून घेतल्या. मास्तरांनी एकही गाळली नाही. भाऊंच्या फोनमधलं ते गुलाबाचं अकाउंटही पोलिसांनी शोधून काढलं. भाऊंना अटक झाली. काही दिवसांनी जामिनावर बाहेर आले. मास्तरांच्या सायकलचे दोन्ही टायर कोणीतरी विळ्याने फाडून ठेवले. ते पायी फिरायला लागले.

ग्रुप दुभंगला. अर्ध्याहून जास्त लोकांनी वेगळा ग्रुप केला, भाऊ तिथे आहेत, रक्ताची गरज लागली की तिथे अजून त्यांचाच फोन पहिला जातो असं ऐकते. खटला चालू आहे. तारखा पडतात. कोर्टाच्या आवारात ते समोरून आले की त्यांच्या मनगटावरचा जळका पट्टा मला दिसतो आणि माझ्या पायाला आग होते. मला त्यांची दया येत नाही. यावी असं खूप वाटलं, देवासमोर बसून बघितलं, पण येत नाही.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा लिहिलं, की रविवारी नाश्ता आहे, ज्याला यायचं त्याने यावं. मोजकी माणसं आली. मास्तर आले. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. एकाच्या हातून पेला जमिनीवर पडला तेव्हा सगळ्यांचे हात एकदम तोंडापाशी गेले. कढई चढवायचं धाडस मला झालं नाही, म्हणून इडल्या केल्या होत्या आणि लाल मिरचीची चटणी.

सिस्टर ड्यूटी संपवून आली. नवे दात बसवले होते, ते जरा जास्त पांढरे होते. मास्तर तिला बघून उठून उभे राहिले. ती त्यांच्याकडे न बघता पुढे आली, माझ्याजवळ बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "बसा सर." मास्तर बसले.

त्या वेळी गेटबाहेर मोटारसायकल थांबली आणि हॉर्न वाजायला लागला. सलग, थांबेचना. माझे पती काठीकडे वळले. सिस्टर उठली, प्लेट हातात घेऊनच गेटपर्यंत गेली आणि उभी राहिली. ओळखीची नव्हती ती पोरं. हेल्मेट, तोंडाला रुमाल. तिने चटणीत बुडवलेला इडलीचा तुकडा तोंडात घातला आणि त्यांच्याकडे बघत चावत राहिली. एकाने तिच्या दिशेने थुंकलं. ती हलली नाही. थोड्या वेळाने ते गेले.

परत येऊन बसली तेव्हा तिच्या हनुवटीवर चटणी ओघळली होती आणि तिला ते कळलं नव्हतं. मी रुमाल पुढे केला.

"तिखट झाली का गं?" मी विचारलं.

"उजव्या बाजूला लागते," ती म्हणाली. "डावीकडे ओठाला काहीच कळत नाही, मावशी. तुम्हीच सांगत जा, काही सांडलं तर."